व्हेरिगेटेड पाम घ्यायचाय? पान नंतर बघा, आधी बुंधा बघा

व्हेरिगेटेड, म्हणजे पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या झाडांचं वेड मॉन्स्टेरावरून (तो मोठ्या फाटक्या पानांचा वेल) आता पामवर आलंय. कुणी ना कुणी विचारतंच, हा घेऊ का, काय मस्त पट्टे आहेत बघ, आणि फोटो असतो एका पानाचा, तोही सगळ्यात देखण्या. अहो, बुंध्याचा फोटो मागवा ना विकणाऱ्याकडून, खोड एकच आहे की अनेक ते त्यातच कळतं!

पामचं गणितच वेगळं आहे. मॉन्स्टेराला हिरवीच पानं यायला लागली की आपण मागच्या पट्टेवाल्या पेरापर्यंत छाटतो, तिथून नवीन फुटवा येतो. पामच्या एका खोडाला वाढणारा शेंडा एकच असतो, तो कापला की ते खोड गेलंच समजा, आणि खोडाचं कटिंग लावून नवं झाड करायचं तर विसराच. म्हणजे पट्टे टिकणार की जाणार हे त्या शेंड्यातल्या पेशी ठरवणार. पांढऱ्या पेशी एका बाजूलाच असल्या तर आज अर्धं पान पांढरं, पुढचं पूर्ण हिरवं असंही होतं. आणि सगळीच पानं पांढरी यायला लागली तर अजून वाईट, हरितद्रव्यच नाही तर झाड खाणार काय?

म्हणून माझं सरळ मत, घरात ठेवायला एकखोडी व्हेरिगेटेड पाम घेऊच नका, बेट करणारा, म्हणजे बुडातून अनेक खोडं येणारा घ्या. त्यातही रॅफिस हा पाम. जपानी लोक एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) रॅफिस हौसेने जमवतायत, त्यांच्याकडे पट्टेवाल्या जातींना नावं आहेत, झुइकोनिशिकी वगैरे, आणि त्या जाती टिकल्या त्या पिल्लं, म्हणजे बुडाशी येणारे नवे फुटवे, वेगळी करून करूनच. पट्टे चांगले असलेलं पिल्लू, स्वतःची मुळं धरलेलं, तेच वेगळं लावायचं. बेटात पूर्ण हिरवं पिल्लू आलं तर ते काढा, हिरव्याची वाढ जोमदार असते, ते बाकीच्यांना दाबून टाकतं. रॅफिस वाढतो मात्र अगदी रेंगाळत, घाई असेल तर हा नाद नको.

'व्हेरिगेटेड पामच्या बिया' म्हणून पाकिटं विकतात त्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. असे पट्टे बियांतून सहसा उतरत नाहीत, आणि एखादं रोप पूर्ण पांढरं उगवलंच तर बीमधला साठा संपेपर्यंत जगतं, मग जातं. बियांपासूनच करायचं असेल तर बोर्निओचा लिक्युआला 'मापू' हा पाम बघा, त्याच्या पानांवरची पिवळट नक्षी त्याच्या जातीचीच आहे, रोपांतही येते. पण त्याला दमट हवा लागते, एसीच्या खोलीत तो रडतो.

आणि खरे पट्टे ओळखायचे कसे? ते शिरांच्या दिशेने लांब जातात, कड सहसा स्पष्ट असते, आणि नवीन पान मिटलेलं असतानाच दिसतात. खालच्या जुन्या पानांवरच पिवळे-केशरी ठिपके असतील तर ती बहुतेक पोटॅशची कमतरता, कडा पिवळ्या आणि मध्ये हिरवं असेल तर मॅग्नेशियमची. बारीक फिकट टिपके आणि पानामागे जाळी म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड. हे असलं आजारी झाड 'रेअर' म्हणून विकलेलं बघितलं की डोकंच फिरतं. शिवाय नावात पाम असला म्हणून पाम होत नाही, पोनीटेल पाम आणि अंब्रेला पाम हे पामच नाहीत, दोघांचे व्हेरिगेटेड प्रकार मिळतात. दिसायला छान आहेत, घ्या की, फक्त पामचा भाव देऊ नका.

सांभाळायचं म्हणाल तर उजेड भरपूर पण दुपारचं थेट ऊन नको, पांढरा भाग पटकन करपतो. अंधाऱ्या कोपऱ्यातही नको, मुळात हिरवा भाग कमी म्हणजे अन्न कमीच बनतं. त्यामुळे खतही बेताने, हळू वाढणाऱ्या झाडाला खताचा मारा केला तर क्षार साचतात आणि पानांची टोकं जळतात. माती भुसभुशीत ठेवा, वरचा थर सुकला की मगच भरपूर पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. सुकलेलं टोक कापायचंच असेल तर थोडी तपकिरी कड ठेवूनच कापा, जिवंत भागाला कात्री लागली की तिथून परत सुकायला लागतं.