काका, जरा हलक्या हाताने

आमच्या वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी प्रौढांचा संगणक वर्ग भरतो. तो मी घेतो, असं निदान फळ्यावर लिहिलेलं आहे. ग्रामीण भागासाठी २०१७ साली आलेल्या ‘पीएमजीदिशा’ योजनेत १४ ते ६० वयाचा माणूस वीस तासांत डिजिटल साक्षर व्हायचा. माझे विद्यार्थी साठीच्या पलीकडचे. त्यांचे वीस तास डबल क्लिकच्या पहिल्या क्लिकलाच खर्ची पडतात.

विंडोज दोन टिचक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाची सवड देते. निवृत्त मुख्याध्यापकांना ही घाई असभ्य वाटते. ते एकदा दाबतात, चष्म्यावरून परिणाम पाहतात आणि समाधान झालं की पुन्हा दाबतात. एवढ्यात फोल्डर स्वतःचं नाव बदलायला तयार होऊन बसतं. मग त्यांचा तळहात कीबोर्डवर टेकतो. त्यांच्या ‘पेन्शन’ फोल्डरचं नाव सध्या ‘एसएसएसएसएस’ आहे.

पासवर्डचा धडा तर मी आता घेतच नाही. “कुणालाही सांगायचा नाही,” म्हटलं की बचत गटाच्या मावशी दुखावतात. “तुम्ही काय परके आहात का, सर?” असं म्हणून तो खणखणीत आवाजात सांगतात. मागच्या बाकावरून कुणीतरी तो लिहून घेतं. मावशी विसरल्या तर असावा म्हणून!

निवृत्त तलाठीभाऊंना ऑनलाइन सातबारा पाहायचा होता. वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा समोर आला. तो कशासाठी असतो, हे मी सांगितलं. “चाळीस गावं मला ओळखतात,” ते म्हणाले, “आणि हा विचारतो मी माणूस आहे का?” पुढचा तास त्यांनी आम्हाला फेरफार कसा लिहितात ते शिकवलं. खरं सांगू, माझ्या तासांपेक्षा तो चांगला झाला.

माउसवर हात बसायला एकच औषध आहे, पत्ते! सॉलिटेअर १९९० साली विंडोज ३.० मध्ये आला, तो लोकांना चित्र धरून ओढायची सवय व्हावी म्हणूनही, असं सांगतात. आमच्याकडे त्याने चमत्कार केला. थरथरणारे हात बदामची राणी अलगद उचलू लागले. अडचण एवढीच, की भिंतीवर ‘येथे पत्ते खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी आहे.

एके संध्याकाळी जिन्यात कार्यवाहांच्या चपला वाजल्या. माझ्या सगळ्या वर्गाने एका टिचकीत खिडक्या खाली पाडल्या. मिनिमाइझ मी अजून शिकवलंच नव्हतं! तलाठीभाऊ मात्र सरकारी शांततेने खेळत राहिले. कार्यवाह त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं.

“अहो, चौकटची दश्शी किल्वरच्या गुलामावर लावा की,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.