अर्ली डिसिजनची सही म्हणजे ‘नुसता फॉर्म’ नव्हे

ताईने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला. भाचा यंदा बारावीला आहे, अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करतोय, आणि त्याच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. खाली ताईचा प्रश्न होता, ‘असं सगळेच करतात का रे?’ सगळे करत नाहीत, ताई. जे करतात त्यांनी काय केलं हे नीट समजून घे, म्हणून सविस्तर लिहितोय. त्याच ग्रुपवर टाक.

फॉरवर्ड सांगतो ते असं: अर्ली डिसिजनमध्ये अर्ज भरा, चान्स दुप्पट होतो. करार कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही करा. आर्थिक मदत ‘नको’ म्हणा, म्हणजे लवकर घेतात. प्रवेश मिळाला तरी बाकीचे अर्ज चालू ठेवा. मार्चमध्ये आणखी मोठं नाव मिळालं तर पहिल्या कॉलेजला ‘पैसे जमत नाहीत’ असा ईमेल टाका, सोडून देतात. शाळेच्या समुपदेशकाची सही ही औपचारिकता आहे.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करायचा, साधारण 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत. उत्तर डिसेंबरच्या मध्यावर येतं. ‘हो’ आलं की तिथेच जायचं, हे आधीच लिहून दिलेलं असतं. काही कॉलेजांची दुसरी फेरी जानेवारीत असते, तिचीही अट हीच.

आता ‘पैसे जमत नाहीत’ या युक्तीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त संताप याच मुद्द्याचा आला. कॉमन ॲप म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट. तिथला अर्ली डिसिजनचा करार पानभराचासुद्धा नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो वाचलेला नाही, हे पैजेवर सांगतो. पैशांच्या कारणाने सुटका मिळते, हे खरं आहे. करारातच तशी सोय आहे. पण ती कोणासाठी? ज्याने आर्थिक मदतीसाठी अर्ज केला आणि मिळालेल्या मदतीत शिकणं शक्य होत नाही, त्याच्यासाठी. तुम्ही मदत मागितलीच नाही, तर ती अपुरी पडली असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

आणि ‘मदत नको’ हे लिहायला का सांगतात तेही बघा. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता निर्णय घेणारी कॉलेजं मोजकीच आहेत. ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यातली. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागणाऱ्या परदेशी मुलाला प्रवेश मिळणं जास्त अवघड असतं. म्हणजे ‘आम्ही पूर्ण फी भरू’ असं सांगून, त्या शब्दाचा फायदा घेऊन, मूल जागा मिळवतं. खाजगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता 90,000 डॉलरच्या आसपास गेला आहे, म्हणजे पाऊण कोटीच्या वर. एवढे पैसे आहेत असं नोव्हेंबरात लिहून द्यायचं आणि मार्चमध्ये नाहीत म्हणायचं. यातलं एक वाक्य खोटं आहे. सतरा वर्षांच्या पोराच्या हातून आईबापच ते खोटं लिहवून घेतायत. याला युक्ती म्हणतात?

‘मार्चपर्यंत बाकीचे अर्ज चालू ठेवा’ याचंही उत्तर त्याच पानावर आहे. प्रवेश मिळाला की इतर अर्ज लगेच मागे घ्यायचे आणि जगातल्या कुठल्याही देशात नवा अर्ज करायचा नाही. म्हणजे ‘इंग्लंडमधले अर्ज चालू ठेवले तर चालतं’ असं कोणी म्हणत असेल, तर तेही खोटं. मदतीच्या उत्तराची वाट बघणाऱ्यांना तेवढ्यापुरती मुभा आहे, बाकीच्यांना नाही.

कोर्टाचं म्हणाल तर अर्धं मान्य करतो. फी वसूल करायला कोणी तुमच्या मुलावर खटला भरणार नाही. पण कॉलेज तुमचं नाव आणि करार इतर संस्थांना कळवू शकतं, असं करारातच लिहिलं आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. ज्या मोठ्या नावासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच हे कळलं तर?

समुपदेशकाची सही औपचारिकता, हे वाचून तर मला वाईट वाटलं. तीन सह्या असतात: विद्यार्थी, पालक, शाळा. ट्युलेन विद्यापीठाने 2025 मध्ये डेन्व्हरच्या एका शाळेला अर्ली डिसिजनच्या अर्जांची वर्षभर बंदी केली, कारण तिथल्या एका विद्यार्थ्याने दिलेला शब्द मोडला होता. त्या शाळेतल्या पुढच्या वर्षीच्या मुलांनी काय केलं होतं? आपल्याकडच्या शाळांतून एकेका कॉलेजला दोन-चारच मुलं अर्ज करतात. तिथे समुपदेशक बाईंच्या शब्दाला जे वजन आहे ते त्यांनी वर्षानुवर्षं खरं लिहून कमावलेलं असतं. तुमचं पोर निघून जाईल. त्या बाई आणि अकरावीची मुलं मागे राहतील.

चान्स दुप्पट होतो का? अर्ली फेरीत निवडीचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं. पण त्या आकड्यात कॉलेजने आधीच हेरलेले खेळाडू आणि काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. तो आकडा तुमच्या मुलाचा नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ही पद्धतच पैसेवाल्यांच्या सोयीची आहे. चार कॉलेजांची मदत शेजारी ठेवून बघायची ज्यांना गरज आहे, त्यांना इथे ती संधीच नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये अर्ली प्रवेश बंद करायचं ठरवलं तेव्हा हेच कारण दिलं होतं. 2011 मध्ये दोघांनी तो परत आणला, पण बंधन न घालता. याच पद्धतीवरून 2025 मध्ये तिथल्या बड्या कॉलेजांवर स्पर्धाविरोधी कायद्याखाली दावाही दाखल झालाय. पण करार अन्यायाचा वाटत असेल तर सही करू नका ना! सही करायची, तिचा फायदा खायचा आणि मग अन्यायाची आठवण काढायची, हे मला पटत नाही.

पर्याय आहेत. अर्ली ॲक्शन हा वेगळा प्रकार आहे, उत्तर लवकर मिळतं आणि बंधन नसतं. पर्ड्यू, इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन, जॉर्जिया टेक इथे तो आहे. 1 मेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

ज्यांनी मदत मागून सही केली, प्रवेश मिळाला आणि आकडे खरंच बसत नाहीत, त्यांनी लपवाछपवी करू नये. आर्थिक मदत कार्यालयाला लगेच लिहा, उत्पन्नाची कागदपत्रं जोडा, फेरविचार मागा. तरी जमलं नाही तर करारातून मोकळं केल्याचं लेखी घ्या, समुपदेशकांना दाखवा, आणि मगच दुसऱ्या कॉलेजला हो म्हणा.