खण बाहेर काढा, उलटा करा, मग भाव विचारा

जुन्या बाजारात घबाड शोधायला जाऊ नका. चांगलं केलेलं काम शोधायला जा. हे बरेच दिवस लिहायचं मनात होतं. हल्ली जुनं फर्निचर आणि जुनी चित्रं घ्यायची हौस वाढली आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण निघणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यात एकच स्वप्न असतं: कवडीमोलाने घेतलेली वस्तू उद्या लाखमोलाची निघेल.

तसं कधी घडलंच नाही असं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९८९ साली एकाने अशा बाजारातून ४ डॉलरला एक चित्र घेतलं. चित्राशी त्याला देणंघेणं नव्हतं, फ्रेम आवडली होती. ती सोडवताना चित्रामागे घडी घातलेला कागद मिळाला. तो होता अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ सालची पहिल्या छपाईतली प्रत. १९९१ मध्ये लिलावात तिला २४ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. ही गोष्ट सगळे सांगतात. दुसरी गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते. फ्रेंच चित्रकार रेन्वारचं नदीकाठाचं एक छोटं चित्र जुन्या बाजारात ७ डॉलरला मिळालं, असं सांगत २०१२ साली ते लिलावाला आलं. लोक इथेच थांबतात. पुढचा भाग असा, की ते चित्र १९५१ साली बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयातून चोरीला गेलेलं निघालं आणि २०१४ मध्ये कोर्टाने ते संग्रहालयाला परत दिलं. चोरीचा माल कितीही हातांतून फिरला तरी तो चोरीचाच राहतो.

अशा गोष्टींनी नुकसान होतं ते नजरेचं. माणूस टेबलाकडे बघतच नाही, टेबलावरचा शिक्का शोधतो. चित्र बघत नाही, कोपऱ्यातली सही वाचायला जातो. आणि विकणाऱ्यांनाही हे कळून चुकलंय. त्यामुळे प्रत्येक खुर्चीला एक कहाणी चिकटलेली असते: बंगल्यातली आहे, परदेशातून आलेली आहे, शंभर वर्षं एकाच घरात होती. कहाणी ऐका, पण पैसे कहाणीचे देऊ नका.

मग बघायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: खण. टेबल असो, कपाट असो, खणांची उभी पेटी असो, एक खण पूर्ण बाहेर काढायचा, उजेडात न्यायचा आणि उलटा करायचा. समोरची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते. सुताराने काम कसं केलं आणि नंतर कुणी काय उद्योग केले, हे खणाच्या पाठीवर आणि कोपऱ्यांत कळतं.

आधी कोपरा बघा. दोन फळ्या नुसत्या खिळ्यांनी ठोकल्यात, की एकमेकींत दात घालून बसवल्यात? पंख्यासारखे पसरत जाणारे ते दात म्हणजे डव्हटेल. हाताने कापलेले असतील तर त्यांची रुंदी थोडीफार कमीजास्त असते आणि त्यांच्या मुळाशी सुताराने टोकदार हत्याराने मारलेली खुणेची बारीक रेघ बहुधा तशीच राहिलेली असते. मशीनचे दात अगदी एकसारखे असतात. असे सांधे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास दिसू लागले. मशीनचं काम म्हणजे वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. घट्ट बसलेला मशीनचा सांधा पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण विकणारा दोनशे वर्षांचं म्हणत असेल आणि दात शिस्तीत उभे असतील, तर तिथे त्याला थांबवायला हवं.

मग तळाची फळी. तिच्यावरून तळहात फिरवा. हाताच्या रंध्याने साफ केलेल्या लाकडावर हलक्या लाटा लागतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात. करवतीच्या खुणाही बघा: सरळ रेघा असतील तर सरळ पात्याची करवत, कमानीसारख्या असतील तर गोल पात्याची. गोल करवती गिरण्यांमध्ये सर्रास आल्या त्या एकोणिसाव्या शतकात. त्यानंतर झीज. वर्षानुवर्षं ओढून खणाच्या खालच्या कडा झिजतात आणि त्याच जागी टेबलाच्या आतल्या पट्ट्याही झिजायला हव्यात. एक झिजलंय आणि दुसरं कोरं आहे, तर तो खण त्या टेबलाचा नाही किंवा पट्टी बदललेली आहे. जिथे कुणाचा हात पोचायचं कारण नाही तिथे झीज दिसली, तर ती मुद्दाम केलेली आहे. शेवटी रंग बघा. पॉलिश न केलेलं लाकूड हवेने हळूहळू काळवंडतं, तेही जिथे हवा लागते तिथेच. खण आतून, बाहेरून, कानाकोपऱ्यांत एकाच छटेचा तपकिरी असेल, तर त्याला जुना दिसण्यासाठी रंग फासलेला आहे.

एवढं बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. खण काढू न देणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.

गोल टेबल असेल तर मोजपट्टी काढा. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने आकसतं. त्यामुळे भरीव लाकडाचं जुनं गोल टेबल मोजलं, तर एका दिशेने थोडं कमी भरतं. प्लायवुडचं असं आकसत नाही. अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसले तरी लगेच निकाल देऊ नका. हेन्री फिलिप्सची त्या स्क्रूंची पेटंटं १९३० च्या दशकातली आहेत, म्हणून त्याआधीच्या वस्तूत ते मूळचे असू शकत नाहीत. पण नंतर कुणी दुरुस्ती करताना बदललेले असू शकतात. स्क्रू काढता आला तर भोक बघा, शेजारी जुनं बुजवलेलं भोक आहे का तेही बघा.

आता काय घ्यावं याबद्दल. माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगते. आज सगळे १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या बारीक पायांच्या, हलक्या दिसणाऱ्या फर्निचरच्या मागे आहेत. ते सुंदर आहे, पण भाव चढलेले आहेत आणि नकला भरपूर आहेत. उलट गडद रंगाचं, जड, भरीव लाकडाचं जुनं सामान कुणालाच नको आहे. घरं लहान झाली, भिंतीतली कपाटं आली, त्यामुळे ही मोठी कपाटं आणि खणांच्या पेट्या बाजारात पडून असतात. आज खरी स्वस्ताई आहे ती इथेच. ज्या पैशांत भुसा दाबून केलेल्या फळीचं (पार्टिकल बोर्डचं) नवं कपाट येतं, त्यात किंवा त्याहून कमीत हाताने सांधलेलं भरीव लाकूड मिळतं. भुशाची फळी एकदा पाण्याने फुगली की संपली. भरीव लाकूड पुन्हा रंधता येतं, सांधता येतं, चिकटवता येतं.

आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या घ्या. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. वाफेवर वाकवलेले लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. तिच्या नकला असंख्य कारखान्यांनी काढल्या आणि त्यातल्या कितीतरी उत्तम आहेत. खाली शिक्का असो नसो, खुर्चीवर बसा, मागे रेला, डावीउजवीकडे हला. डुगडुगते ती स्क्रू आवळून थांबते का बघा. वेताची बैठक फाटलेली असेल तर विणून घेता येते. वाकवलेलं लाकूडच चिरलं असेल तर मात्र सोडून द्या.

स्वस्त म्हणजे किती, हा हिशोब दुरुस्तीनंतर करायचा असतो. सैल सांधे, गेलेलं पॉलिश, हरवलेली मूठ, फाटलेली गादी या सगळ्याला इलाज आहे. तडकलेला पाय, पीळ बसलेलं दार, जागोजागी उडालेला विनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) हा खर्चाचा मामला आहे, आणि तो खर्च वस्तूच्या भावात धरूनच बोलणी करावीत. किड्यांची भोकं दिसली की लोक घाबरतात. भोकं जुनी असू शकतात. वस्तूखाली पांढरा कागद धरून टिचक्या मारा. ताजा, फिकट भुसा पडला तर कीड जिवंत आहे. नुसती धूळ पडली तर बहुधा काम जुनं आहे. गादीच्या शिवणी आणि लाकडाच्या फटी टॉर्चने तपासा, ढेकणांचे काळे ठिपके तिथेच असतात. ढेकूण असलेली वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नका.

जुना रंग लावलेली वस्तू कोरडी घासू नका, हेही पोटतिडकीने सांगते. घरगुती रंगात पूर्वी शिसं असायचं. अमेरिकेत अशा रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, इतर देशांत वेगवेगळ्या वेळी. त्या रंगाची धूळ श्वासातून आणि हातातोंडातून पोटात जाते, लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका. आधी तपासणी करून घ्या.

आणि कृपा करून सुस्थितीतल्या जुन्या लाकडावर पांढरा रंग मारू नका. लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं, म्हणून ते दुरुस्तही करता येतं: नव्याने लावलेला थर जुन्यात मिसळून जातो. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवून बघा, चिकट झालं तर लाख आहे. इतकी सोय असताना शंभर वर्षांत चढलेली झाक एका दुपारी खरवडून काढणं मला बघवत नाही.

चित्रांच्या बाबतीत खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ती छापखान्यातली प्रतिकृती आहे, खाली पेन्सिलने सही आणि ‘२३/१००’ (शंभर प्रतींतली तेविसावी) असा आकडा असला तरीही. तांब्याच्या किंवा जस्ताच्या कोरलेल्या पत्र्यावरून काढलेल्या छापात चित्राभोवती कागद दबल्याची चौकट असते. बोटाने हळूच तपासता येते. लिथोग्राफला, म्हणजे दगडावरून काढलेल्या छापाला, ती चौकट नसते, पण त्याचा दाणा अनियमित असतो, ठिपक्यांच्या रांगा नसतात. कॅनव्हासवर रंगाचा उंचसखलपणा ब्रशच्या दिशेने जायला हवा. आकृतीशी संबंध नसलेले फटकारे पारदर्शक थरात दिसत असतील, तर छापील चित्रावर वरून जेल फासलंय. सहीचा रंग जुन्या भेगांच्या आत उतरला असेल, तर सही भेगा पडल्यानंतर केलेली आहे.

चित्राची पाठ समोरच्या बाजूइतकीच वेळ घेऊन बघा. जुनी लेबलं, गॅलरीचे शिक्के, चौकट बनवणाऱ्याचा पत्ता, गंजलेले खिळे, आधीच्या चौकटीच्या खुणा असं बरंच काही सापडतं. कागदावरचं काम असेल तर घरी आणल्यावर आम्लयुक्त पुठ्ठा काढून टाका आणि कागद काचेला टेकणार नाही अशी चौकट करा. पुठ्ठ्याच्या कडेला जी तपकिरी रेघ उमटते, ती त्या आम्लाने कागद जळल्याची असते.

पण एवढं सगळं तपासल्यावरही घ्यायचं ते आवडलं म्हणून. जुन्या बाजारात बिनसहीची कितीतरी चांगली चित्रं असतात: कला शिकणाऱ्या कुणीतरी केलेला डोक्याचा अभ्यास, हौशी हाताची जलरंगातली टेकडी, कोळशाने काढलेले हात. बाजारभावाने त्यांची किंमत फारशी नाही आणि कधी होणारही नाही. माझ्या खोलीत कोळशात काढलेला एक हात आहे. अंगठ्याच्या बुडाशी काढणाऱ्याने तीनदा रेघ बदलली आहे आणि तिसऱ्या वेळी ती बरोबर बसली आहे. रोज नजर जाते तिकडे.

आता घासाघीस. भाव करा, त्यात गैर काही नाही, विकणाऱ्यालाही ते अपेक्षित असतं. पण वस्तूला नावं ठेवून भाव पाडू नका. पाय खरोखर तडकला असेल तर दाखवा, दुरुस्तीचा खर्च सांगा, आपला आकडा सांगा. नसलेली खोट काढणं हा खोटेपणाच आहे. व्यापाऱ्याला वस्तू ओळखता येणं हा त्याचा धंदा आहे. त्याच्या नजरेतून सुटलेलं तुमच्या नजरेला पडलं, तर ती तुमच्या अभ्यासाची कमाई. पण घर आवरताना आईवडिलांचं सामान मांडून बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी.

एक बाई वडिलांचं लिहायचं टेबल विकत होत्या. पुढे उघडणारी फळी, आत छोटे खण, सगळे हाताने सांधलेले. त्यांनी सांगितलेला भाव इतका कमी होता की माझ्या शेजारच्या गृहस्थांनी लगेच पाकीट काढलं. मी त्या बाईंना एक खण उलटा करून दाखवला, सांध्यातली रेघ दाखवली आणि म्हटलं, हे जाणकाराला दाखवा, तोवर विकू नका. ते गृहस्थ माझ्यावर चिडले, तुमचं काय जात होतं म्हणाले. काहीच जात नव्हतं, टेबल मलाही हवं होतं. त्या बाईंनी ते दाखवून घेतलं, भाव वाढवला आणि नव्या भावात ते मला परवडलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन, आणि तुम्हीही करावं असं मला फार वाटतं.