‘मासा कॅलेंडर बघत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

धुळ्याच्या मासळी बाजारात जून-जुलैत गेलात, तर समुद्राच्या माशाचा भाव विचारायच्या आधीच उत्तर मिळतं, “दर्या बंद शे भाऊ.” बर्फाच्या खोक्यात रोहू-कटला, शेजारी सुकटाची टोपली, आणि सुरमईचा पत्ता नाही. हे दरवर्षीचंच. यंदा मात्र बाजारातून घरी येईपर्यंत फोनवर याच विषयाचा एक मजकूर येऊन पडला होता. पाठवणारा माझा मावसभाऊ, मुक्काम सुरत. त्याला कोणी पाठवला हे त्यालाही सांगता येत नाही. वर एवढंच लिहिलेलं, “वाच, डोळे उघडतील.” संध्याकाळपर्यंत तोच मजकूर गावच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेला.

मजकूर थोडक्यात असा. टुनाची मादी लाखो अंडी घालते, म्हणून टुना संपणं शक्यच नाही. मासा कॅलेंडर बघत नाही, म्हणून ‘सीझन बंद’ हा देखावा. कोटा हा भाव चढवायचा डाव, आणि पुरावा काय, तर जपानमध्ये एक मासा 21 कोटींना गेला. कोटा लावून जगात एकाही ठिकाणी मासा परत आलेला नाही. आणि हे सगळे नियम गरिबाच्या होडीला, बड्या जहाजांना नाहीत. शेवटी ‘सगळ्यांपर्यंत पोहोचवा’.

खानदेशातल्या माणसाने टुनावर बोलावं हे जरा विचित्रच आहे, मान्य. पण या मजकुरातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या खांद्यावर बसून बाकीचं खोटं गावभर फिरतंय. म्हणून हा खटाटोप.

आधी एक गल्लत दूर करू. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. ही बंदी एकट्या टुनासाठी नाही, यांत्रिक नौकांच्या सगळ्याच मासेमारीसाठी आहे. टुना, म्हणजे आपल्या कोळ्यांचा कुप्पा किंवा गेदर, याच्या मोठ्या जातींचे नियम वेगळे, कारण हा मासा एका देशाच्या पाण्यात राहतच नाही. त्यासाठी जगात पाच आयोग आहेत: अटलांटिकचा, हिंदी महासागराचा, पूर्व पॅसिफिकचा, पश्चिम-मध्य पॅसिफिकचा, आणि एक फक्त दक्षिणी ब्लूफिन या टुनाच्या जातीसाठी. मजकूर लिहिणाऱ्याने हे सगळं एकाच पिशवीत भरलंय.

आता अंडी. लाखो अंडी हे खरं आहे. वडालाही लाखो बिया लागतात, म्हणून गावात वडांचं जंगल झालंय का? अंड्यांतून मोठे किती होतात आणि मोठे होऊन स्वतः अंडी घालेपर्यंत त्यांतले किती जगतात, हिशोब तिथे आहे. पॅसिफिकमधल्या ब्लूफिनचं उदाहरण घ्या. मासेमारीच झाली नसती तर अंडी घालणाऱ्या माशांचा जेवढा साठा असता, त्याच्या दोन-अडीच टक्क्यांवर तो 2010 च्या आसपास येऊन ठेपला होता. मादीची अंडी तेव्हाही लाखोंनीच होती. अडचण अशी की पकडल्या जाणाऱ्या माशांत बहुतेक सगळी पोरंसोरं असायची, एक-दोन वर्षांची. 2015 पासून 30 किलोंच्या आतल्या माशांची पकड 2002 ते 2004 च्या सरासरीच्या निम्म्यावर आणली गेली. साठा 20 टक्क्यांवर नेण्यासाठी 2034 पर्यंतची मुदत ठेवली होती. 2024 च्या मोजणीनुसार ते लक्ष्य 2021 मध्येच गाठलं गेलं. ‘एकाही ठिकाणी परत आलेला नाही’ याचंही अर्धं उत्तर इथे आलं.

‘मासा कॅलेंडर बघत नाही.’ हे वाक्य मला आवडलं, कारण ते चुकीच्या माणसाला बरोबर वाटावं असं आहे. स्किपजॅक, म्हणजे डब्यातल्या टुनात सगळ्यात जास्त असतो तो, उष्ण पाण्यात जवळजवळ वर्षभर अंडी घालतो. मग दोन-अडीच महिने बंद ठेवून त्याचं कोणतं बाळंतपण सांभाळलं? कोणतंच नाही. ते सांभाळायचंच नव्हतं. पूर्व पॅसिफिकच्या आयोगाने 2018 पासून काही वर्षं मोठ्या पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती गोल जाळं आवळणाऱ्या, जहाजांना वर्षातले 72 दिवस बंद घातला होता. त्यात जहाजाला दोनपैकी एक मुदत निवडता यायची, 29 जुलै ते 8 ऑक्टोबर किंवा 9 नोव्हेंबर ते 19 जानेवारी. विणीचा हंगाम राखायचा असता तर ‘तुमच्या सोयीने घ्या’ असं कोणी म्हणालं असतं का? जहाजाचे वर्षातले कामाचे दिवस कमी करणं एवढाच तो हिशोब. सगळी जहाजं एकदम बंदरात आली नाहीत म्हणजे डबाबंदीचे कारखानेही चालू राहतात. कॅलेंडर माशासाठी नाहीच, जहाजाच्या मालकासाठी आहे, आणि तो ते नक्की बघतो.

दुसऱ्या तऱ्हेचा बंद आणखी वेगळा. भर समुद्रात काहीही तरंगत असलं की त्याच्या सावलीला मासा जमतो. बड्या जहाजांनी याचा धंदा केला: बांबूचा नाहीतर प्लास्टिकचा तराफा, खाली लोंबती दोरी-जाळी, वर उपग्रहाशी बोलणारा बोया आणि खाली किती मासा जमलाय ते सांगणारं ध्वनियंत्र. कप्तान खुर्चीत बसून बघतो कोणत्या तराफ्याखाली माल आहे, आणि थेट तिथे जाऊन जाळं टाकतो. पण स्किपजॅकबरोबर तिथे बिगआय आणि यलोफिन या टुनाच्याच दुसऱ्या जातींची पिल्लंही असतात, आणि जाळं पिल्लं-मोठे असा भेद करत नाही. म्हणून पश्चिम-मध्य पॅसिफिकमध्ये 2009 पासून वर्षातला ठराविक काळ फक्त तराफ्याभोवती जाळं टाकायला बंदी असते. मोकळ्या पाण्यात फिरणारा थवा शोधून पकडायला कोणी अडवत नाही. याला ‘मासेमारी बंद’ म्हणणं म्हणजे बाजारात काटा तपासायला आला त्याला दुकान बंद करायला आला म्हणण्यासारखं.

आणि भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिनचं तर उलटंच आहे. तिथे पर्ससीन जहाजांना वर्षात महिना-सव्वा महिनाच मोकळीक, 26 मेपासून, म्हणजे नेमका मासा अंडी घालायला गोळा होतो तेव्हाच! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही चक्रावलो. पण तिथे राखण कॅलेंडरने नाही, वजनाने होते. जहाजावर निरीक्षक, प्रत्येक खेपेचा कागद, आणि वाटा भरला की जाळं वर.

‘भाव चढवायचा डाव’ आणि 21 कोटींचा मासा. मासा खरा आहे. जानेवारी 2019, टोकियोचा तोयोसू बाजार, 278 किलोंचा ब्लूफिन, 33 कोटी 36 लाख येन. पण ती नव्या वर्षाची पहिली बोली होती. तिथे सुशीच्या हॉटेलांची साखळी चालवणारे मासा नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो विकत घेतात. आपल्याकडे गणपतीच्या प्रसादाच्या लाडवाचा लिलाव होतो, त्यावरून साखरेचा भाव काढतात का? याच बोलीत 2021 साली, कोरोनाच्या दिवसांत, पहिला मासा 2 कोटी 8 लाख येनला गेला, म्हणजे सोळाव्या हिश्श्याला. दरम्यान कोट्यात म्हणावा असा बदल झालेला नव्हता. भाव चढवायचा डाव असता तर तो त्या वर्षी कुठे झोपला होता?

एक डाव मात्र आहे, आणि तो लपूनछपून नाही. नाउरू, किरिबाती, तुवालू, पापुआ न्यू गिनी वगैरे आठ बेटदेशांनी 2007 पासून आपल्या पाण्यात ‘जहाज-दिवस’ विकायला सुरुवात केली. वर्षाचे एकूण दिवस आधी ठरवायचे, ते आपसात वाटून घ्यायचे, आणि परदेशी जहाजाने दिवसाचे पैसे मोजल्याशिवाय जाळं टाकायचं नाही. 2012 मध्ये एका दिवसाचा किमान दर 5,000 डॉलर होता, 2015 मध्ये 8,000 झाला. किरिबातीसारख्या देशाच्या सरकारी उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग यातून येतो. याला डाव म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला तर तो फार आवडला.

‘कोट्याने मासा कुठेच परत आलेला नाही.’ इथे जरा थांबायला हवं, कारण मजकूर 2008 साली आला असता तर मीही मान डोलावली असती. पूर्व अटलांटिक आणि भूमध्याच्या ब्लूफिनला 2007 साली 29,500 टनांचा कोटा दिला होता. शास्त्रज्ञ सांगत होते, 15,000 टनांच्या वर जाऊ नका. आणि प्रत्यक्षात पकडला गेला अंदाजे दुप्पट, 50-60 हजार टनांच्या घरात. असा कोटा म्हणजे भिंतीवर चिकटवलेला कागद. 2010 मध्ये या माशाचा जागतिक व्यापारच बंद करायचा प्रस्ताव मोनॅकोने दोहाला, दुर्मिळ जीवांच्या व्यापारावरच्या जागतिक परिषदेत मांडला. तो पडला, पण अटलांटिकच्या आयोगाला घाम फुटला. त्या वर्षी कोटा 13,500 टन, पुढच्या वर्षी 12,900. तो नुसता लिहिला नाही, पाळून घेतला. मग साठा वाढत गेला आणि कोटाही. 2018 मध्ये 28,200 टन, 2020 मध्ये 36,000 आणि 2023 ते 2025 साठी वर्षाला 40,570 टन. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या (IUCN) लाल यादीत हा मासा ‘संकटग्रस्त’मधून 2021 साली ‘सर्वांत कमी चिंता’ या रकान्यात आला. मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारा पश्चिमेकडचा गट अजून पूर्वीच्या मानाने थोडकाच आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण ‘एकाही ठिकाणी नाही’ हे धादांत खोटं.

आता तो अर्धा खरा मुद्दा. यासाठी मला माझ्या आजोळी, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी जावं लागेल.

तिथे फड पद्धत होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, आणि घराघराचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. शेकडो वर्षांची ही व्यवस्था, सरकारी पाटबंधाऱ्यांच्या कितीतरी आधीची. आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाच्या पाण्याची राखण करणारे, होते. पाटाच्या तोंडाशी एक काळा दगड होता. पाणी त्या दगडाच्या खाली गेलं की शेवटचा फड त्या साली कोरडा, ही बोली आधीच ठरलेली. कोणी तावातावाने भांडायला आला तर आजोबा काही बोलत नसत, फावड्याचा दांडा दगडाकडे करत. फड कोरडा राहिला तरी एकच घर बुडत नसे, कारण प्रत्येकाचा थोडा तुकडा चालू फडात असायचा.

म्हणजे दोन गोष्टी हव्यात. आधी ठरलेला दगड आणि आधी ठरलेले वाटे. दक्षिणी ब्लूफिनच्या आयोगाने असा दगड 2011 मध्ये रोवला, साठ्याचे आकडे सूत्रात घालायचे आणि येईल तो कोटा मानायचा. अटलांटिकच्या ब्लूफिनसाठी 2022 मध्ये तेच झालं. दोन्हीकडे कोणत्या देशाला किती टन हेही लिहिलेलं असतं.

हिंदी महासागरात, आपल्या दारात, स्किपजॅकचा दगड रोवला पण वाटे तेव्हा केलेच नाहीत. 2016 मध्ये सूत्र ठरलं, त्यातून 2018 ते 2020 साठी वर्षाला 4,70,029 टनांची मर्यादा निघाली. ती कोणाच्या नावावर नव्हती. 2018 मध्येच पकड 6 लाख टनांवर गेली, आणि जबाब विचारायचा कोणाला, तर सगळ्यांना, म्हणजे कोणालाच नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये तराफ्यांवर 72 दिवसांचा बंद बहुमताने मंजूर झाला. त्यावर युरोपीय संघासह बऱ्याच सदस्यांनी हरकती घेतल्या, आणि तो बंद प्रत्यक्षात आलाच नाही. आपणही धुतल्या तांदळाचे नाही. यलोफिनची पकड कमी करायच्या 2021 च्या ठरावावर भारतानेही हरकत नोंदवलेली आहे.

तेव्हा ‘बड्यांना नियम नाहीत’ ही ओरड हिंदी महासागरापुरती बरीचशी खरी. पण यावरून ‘कोटा बंद करा’ कसं निघतं? लक्षद्वीपच्या मिनिकॉयचा मच्छीमार जिवंत चारा टाकून, गळाच्या काठीने एकेक स्किपजॅक होडीत ओढतो. मालदीवमध्येही पिढ्यान्‌पिढ्या हेच. तराफ्यांवरचा बंद त्याच्या होडीला लागणारच नव्हता. तो बुडाला तेव्हा खुशी झाली ती तराफेवाल्यांना. गरिबाच्या होडीच्या नावाने फिरणारा हा मजकूर कोणाच्या सोयीचा आहे, ते मावसभावाने स्वतःच बघावं.

हे सगळं मी त्याला फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “दगडाचं पटलं. तो दगड आहे का रे अजून?”

आहे. मागच्या दिवाळीत बघून आलो. बंधाराही आहे, पाटही आहे, पण दगडापर्यंत पाणी येतच नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीपात्रात, पाच मोटारी बसल्या आहेत. त्यांचं पाणी कोणत्याच फडाच्या हिशोबात धरत नाहीत. त्यांतली एक मावसभावाची.