बारा बाय अठरा

दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी मी इंग्रज कवी हेन्लीच्या ‘इन्व्हिक्टस’ या कवितेचा प्रिंट मागवला. पिवळट कागद, टाइपरायटरचं अक्षर, कोपऱ्यात मुद्दाम पाडलेले चहाचे डाग. फ्रेमवाल्याकडे टाकला. काल आणायला गेलो तर सोळा ओळींची कविता चौदाव्या ओळीवर आटोपलेली.

“खालच्या दोन ओळी?”

“कापल्या. काच बारा बाय अठराची तयार होती.”

“अहो, पण कापल्या?”

“वरून कापलं असतं तर नाव गेलं असतं साहेब. नाव शाबूत ठेवलंय.”

आता हे नाव हेन्लीने दिलेलंच नाही. कविता १८७५ची, क्विलर-कूच नावाच्या संपादकाने १९०० साली आपल्या संग्रहात घेताना ते वर चढवलं. म्हणजे या गृहस्थाने संपादकाचं राखलं आणि कवीचं छाटलं. तेही नेमकं कुठलं? ‘मी माझ्या नशिबाचा धनी, मी माझ्या आत्म्याचा कप्तान.’ लोक या दोन ओळींसाठीच तर ती भिंतीवर लावतात! आधी नुसता अंधार, रक्ताळलेलं डोकं आणि अश्रू. माझ्या सोफ्यावरची कविता आता ‘शिक्षांची यादी कितीही लांब असो’ इथे थांबते. पुढे लाकडी पट्टी.

“वाचतंय कोण?” तो म्हणाला. “मागे एकांच्या लग्नाच्या फोटोतून कडेचा मामा गेला. उलट खूश झाले.”

मग मी चिडून त्याला सगळंच ऐकवलं. हाडाच्या क्षयाने हेन्लीचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता, दुसराही जायचा होता, पण एडिंबरोत जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनने तो वाचवला, आणि तिथल्या खाटेवर ही कविता झाली. त्याने हातातला खिळा बाजूला ठेवून ऐकलं.

“म्हणजे त्यांचंही कापलंच की. तरी भागलं ना?”

विकणारे तरी कुठले शहाणे? किपलिंगची ‘इफ’ सर्रास व्हिक्टोरियन म्हणून खपवतात. राणी गेली १९०१ साली, कविता छापली १९१० साली. पण डाग मात्र कसे मोजूनमापून पाडतात! कवितेला घरात जागा मिळते ती पडद्यांना शोभली तर, आणि एवढे पैसे मोजून वर आपणच हळवे ठरतो.

फ्रेमवाल्याने डिंकाच्या डब्याखालून माझा कप्तान ओढून काढला.

“मागच्या बाजूला चिकटवून देतो. चाळीस रुपये वेगळे.”