लोहाच्या गोळीने आतड्याला गंज चढत नाही

"हेल्दी आईचे सात नियम" हा फॉरवर्ड सध्या नाशिकभर फिरतोय. गुलाबी पार्श्वभूमी, कोपऱ्यात हात जोडून हसणाऱ्या कुणा हेल्थ कोच ताईंचा फोटो, खाली "आयसीएमआरनेही मान्य केलेले" (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) अशी ओळ आणि शेवटी अर्थातच "प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा". सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला. तिथवर मी गप्प होते. असले नियम रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर येतातच. पण तो सिडकोत राहणाऱ्या माझ्या भाचीच्या सासूबाईंच्या फोनवरही पोहोचला. भाचीला सातवा महिना आहे. सासूबाईंनी चौथा नियम वाचला आणि सुनेच्या लोहाच्या गोळ्या उचलून कपाटात ठेवल्या. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठ निघालं, म्हणजे बरंच कमी.

म्हणून सुरुवात चौथ्या नियमापासून. बाकीचे सहा थांबतील.

नियम असा: "गरोदरपणात लोहाच्या गोळ्या घेऊ नका. केमिकल लोह पचत नाही, त्याने आतड्याला गंज चढतो, म्हणूनच शी काळी होते. बाळाचा रंगही काळवंडतो. त्याऐवजी गूळ, खजूर, बीट खा. आपल्या आज्या कुठे गोळ्या खात होत्या?"

एका नियमात इतक्या थापा कोंबायला कसब लागतं. गंजाचं आधी बघू. गोळीतलं लोह हे फेरस सल्फेटसारख्या क्षाराच्या रूपात असतं. शरीर त्यातलं हवं तेवढं शोषून घेतं, उरलेलं शीवाटे बाहेर पडतं आणि त्यामुळे तिचा रंग काळपट होतो. बाई गोळी घेतेय, एवढंच त्या रंगावरून कळतं. आतडं म्हणजे काही पावसात राहिलेलं गेटचं कुलूप नव्हे.

बाळाच्या रंगाचं तर काय सांगावं! मुलाचा रंग आईबापांकडून येतो. ही थाप इतकी वर्षं टिकली, कारण आपल्याला गोरं मूल हवं असतं आणि ते कबूल करायची लाज वाटते. एकाच घरात सुनेला केशराचं दूध पाजलं जातं आणि गोळी लपवली जाते. सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना मिळणारी लोहाची गोळी लाल असते. मग मुलं लाल का जन्मत नाहीत, हे कोच ताईंनी सांगावं.

आता गूळ. हिशेब मांडूनच दाखवते, कारण "गुळात लोह असतं" हे वाक्य खोटं नाही आणि सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यांत १०० ग्रॅम गुळात पाच मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह आहे. गरोदर बाईची रोजची गरज आयसीएमआरने २७ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे नुसत्या गुळावर भागवायचं तर रोज अर्धा किलोच्या वर गूळ खावा लागेल. त्यातली ८० टक्क्यांहून जास्त साखरच. गरोदरपणात शुगर वाढली की पुन्हा हाच ग्रुप मेथीचं पाणी सुचवणार. बीटाची गत त्याहून वाईट: १०० ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही. त्याचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा, लोहाशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय भाजीपाल्यातल्या आणि कडधान्यातल्या लोहापैकी शरीर फार थोडं उचलतं, ही वेगळीच अडचण.

आणि गोळीत काय असतं? ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदरपणात रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असं अ‍ॅनिमियामुक्त भारत या सरकारच्या रक्तक्षयविरोधी कार्यक्रमात ठरलेलं आहे. हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर डॉक्टर डोस वाढवतात. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते. कदाचित तिचा खप कोच मंडळींना खुपतो तो म्हणूनच, पण ते शेवटी बघू.

राहिल्या आज्या. गोळ्या खात नव्हत्या, खरंय. पण आपल्यातल्या बहुतेक घरांच्या वंशावळीत एक "पहिली बायको" असते. ती कशाने गेली, ते घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. "बाळंतपणात गेली" म्हणतील आणि विषय बदलतील. अंगात रक्तच कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही. आज तरी परिस्थिती किती सुधारलीय? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढलाय. अशा राज्यात कुणी "गोळी घेऊ नका" म्हणून प्रत्येक आईपर्यंत पोहोचवत असेल, तर त्याला आरोग्यप्रसार म्हणणं मला जमत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. गोळीचा त्रास होतो. पोट धरतं, मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते. पुष्कळ बायका गोळी सोडतात त्या याच कारणाने, आणि डॉक्टरांना दोन मिनिटं थांबून ऐकायला वेळ नसतो, हेही खरं. कोच ताई ऐकतात, म्हणून बायका त्यांच्याकडे जातात. पण त्रासावर उपाय आहेत. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, डॉक्टरांकडून दुसरा क्षार असलेली गोळी लिहून घ्यावी, अगदीच झेपेना तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून लोह देता येतं. चहा गोळीपासून तासभर तरी लांब ठेवावा. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र गिळू नये. एक सकाळी, एक रात्री. वरणावर लिंबू पिळावं, पेरू खावा, आवळा खावा, म्हणजे जेवणातलं लोह जास्त लागू पडतं. तांदुळजा, शेवग्याचा पाला, मटकी, हुलग्याचे शेंगोळे, अळीवाचे लाडू सगळं खा. पण गोळी घेऊन खा.

आता ती "आयसीएमआरनेही मान्य केलेले" ओळ. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वं मे २०२४ मध्ये आली. एकूण १७ तत्त्वं आहेत आणि संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मी वाचली. गरोदर आणि स्तनदा मातांचं वेगळं तत्त्व त्यात आहे आणि लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायलाच सांगितलंय. म्हणजे ज्यांच्या नावाचा शिक्का मारला, त्यांनीच उलट लिहून ठेवलंय. दिवसभराचं ताट कसं असावं तेही त्यात आहे. २००० कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली. हे आकडे लक्षात ठेवा, कारण बाकीचे नियम यांच्यावरच आपटतात.

पहिला नियम, "गहू विष आहे". ज्यांना सीलिएक आजार आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, त्यांच्यासाठी आहेच. बाकीच्यांनी चपातीबरोबर बाजरी-ज्वारीही खावी, इतकाच त्यातला अर्थ. पुढे.

दुसरा नियम: "नागलीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम, म्हणून मुलांचं दूध बंद करा." इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण नागली, म्हणजे नाचणी, आपली आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर ती पिकते आणि शहरातल्या लोकांनी ती इतकी वर्षं गरिबांचं धान्य म्हणून दूर ठेवली. आता कोच मंडळींमुळे गंगापूर रोडच्या दुकानांत ती पाकिटातून मिळायला लागली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तिपटीचं गणितही कागदावर बरोबर आहे: १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, १०० मिली दुधात सव्वाशेच्या आतबाहेर. पण पोर १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खातं का? ४० ग्रॅम पिठाची एक छोटी भाकरी म्हणजे दीडशेच्या जवळपास मिलिग्रॅम. पेलाभर दूध म्हणजे सव्वादोनशेच्या वर. त्यातही नागलीतल्या फायटेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकामुळे सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. आंबवलेली आंबील किंवा मोड आणून केलेलं सत्त्व यात ते जरा बरं लागतं, आणि ते कसं करायचं हे पेठच्या कुठल्याही आजीला कोचपेक्षा चांगलं माहीत असतं. तेव्हा नागली खा, दूधही प्या. एकासाठी दुसरं बंद करायचं कारण नाही.

तिसरा, साधं मीठ सोडून सैंधव वापरा. साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात पडताना निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं असा नियम आहे, आणि तो गलगंडाबरोबरच पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठीही आहे. उपासाला सैंधव वापरा, रोजच्या वरणाला नको. काही कंपन्या आयोडीन घातलेलं सैंधव विकतात, पाकीट वाचा.

पाचवा, "दूध आणि केळं एकत्र म्हणजे विष". शिकरण खाऊन वाढलेल्या महाराष्ट्राला उद्देशून हे लिहायला धाडस लागतं. सोडून देते.

सहावा: "द्राक्षांवर औषध मारतात, मुलांना द्राक्षं देऊ नका." नाशिकमध्ये बसून हे लिहिलंय! फवारणी होते, ती कुणी नाकारत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि बागायतदार कसे हवालदिल झाले, ते दिंडोरी-निफाडला अजून आठवतं. युरोपला जाणाऱ्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातल्या पाटीची तशी होत नाही, हे अर्धसत्य मी मान्य करते. म्हणून वाहत्या पाण्याखाली घड नीट चोळून धुवा. पण लहान मुलांच्या बाबतीत द्राक्षाचा खरा धोका वेगळाच आहे आणि तो फॉरवर्डमध्ये नाही. अख्खं द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. उभं चिरून, चार फोडी करून द्या.

आणि सातवा. "२१ दिवसांचं चॅलेंज: सकाळचा नाश्ता बंद, त्याऐवजी आमचा मदर्स प्रोटीन शेक." खाली लिंक. सहा नियमांचा खटाटोप या एका पाकिटासाठी होता. आधी गहू काढला, दूध काढलं, फळं काढली, गोळ्या काढल्या; ताट रिकामं झालं की पाकीट पुढे केलं. वर उल्लेख केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट म्हटलंय. त्यात साखर, गोडी आणणारी रसायनं, कृत्रिम स्वाद असू शकतात आणि दीर्घकाळ जादा प्रथिनं घेतल्याने हाडांना आणि मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, हे कारणही दिलंय. आमच्या भाचीच्या घरी ते पाकीट आलंच. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात छापलंय: गरोदर आणि स्तनदा मातांनी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. नाव "मदर्स", आणि सूचना ही.

कोच मंडळींवर माझा सरसकट राग नाही. इंदिरानगरला आमच्याच गल्लीत एका आईने मुलाच्या डब्यात बिस्किटांऐवजी मटकीचं थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी द्यायला सुरुवात केली. भाषण नाही, चॅलेंज नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर इतर पोरांनी तुकडे मागितले, घरी जाऊन आयांकडे हट्ट धरला, आणि बघता बघता तव्यावरच्या थालीपिठाचा वास अख्ख्या गल्लीत येऊ लागला. तिला पीठ कशाचं, तेल किती, सकाळी वेळ कसा मिळतो हे विचारायला बायका तिच्या ओट्यापर्यंत गेल्या. मला माहीत असलेल्या दोन-तीन कोच बायकांनीही असंच काम केलंय. सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवणाऱ्या बायकांना त्यांनी स्वतःच्या ताटाकडे बघायला लावलं. हे डॉक्टरांना जमलं नव्हतं. आई आईचं ऐकते. आणि म्हणूनच तिच्या तोंडी थाप घातली की ती डॉक्टरच्या चिठ्ठीलाही हरवते.

राज्य सरकारने २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांतही अंगणवाडीत गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण ठरलेलं आहे: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, अंडं किंवा केळं. त्या ताटात गूळ आहे. पण लाडू मिळतो म्हणून तिथल्या कुणा अंगणवाडी ताईने गोळी बंद केलेली नाही. मानधनासाठी मोर्चे काढावे लागणाऱ्या त्या बाईला जे कळतं, ते महिन्याची फी घेणाऱ्या कोचला कळू नये?

कोच निवडायचाच असेल तर निदान हे विचारा. आहारशास्त्राची पदवी आहे का, कुठली? डॉक्टरांनी दिलेलं औषध ती स्वतःच्या अधिकारात बंद करते का? आणि सल्ल्याच्या शेवटी काही विकत घ्यावं लागतं का? तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर पहिल्या दोन उत्तरांचीही पडताळणी करा.

भाचीच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत, डॉक्टरांनी डोस वाढवून दिलाय. सासूबाई आता स्वतः रात्री पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहतात. शेकचं पाकीट न फोडता फडताळात पडलंय. कोच ताई ते परत घेऊन पैसे देणार असतील, तर ज्या ग्रुपवर नियम टाकले त्याच ग्रुपवर कळवावं.