पोराला खेळायचंय, त्याचं काय?

पुरे झालं! अमेरिकेत पोराला ट्रॅव्हल सॉकरला, म्हणजे गावोगावी जाऊन सामने खेळणाऱ्या क्लबच्या फुटबॉल संघात, घालायचं म्हणजे अख्खं घर क्लबच्या हवाली करायचं का? ट्रायआउटमध्ये निवड झाली की दोन दिवसांत 'हो' कळवा, डिपॉझिट भरा. ते परत मिळत नाही. मग वर्षाची फी. कपड्यांचा सेट वेगळा. टूर्नामेंटची फी वेगळी. कोचच्या प्रवासाचा वाटाही आपल्याच माथी! आणि हॉटेल? 'स्टे टू प्ले'! आयोजकांनी ठरवलेल्याच हॉटेलात राहा, नाहीतर खेळूच नका. ही वसुली नाही तर काय?

शनिवारी पहाटे उठून तीन-तीन तास गाडी हाकायची आणि ९ वर्षांचं पोर बाकावर बसून राहणार. का? तर कोचला जिंकायचंय! दिवाळी, मराठी शाळा, आजीशी व्हिडिओ कॉल, सगळं त्या मॅचपायी गेलं. नॉर्वेत ११ वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावतच नाहीत. तरी हालांडसारखा स्टार फुटबॉलपटू तिथेच वाढला ना? इथे आठव्या वर्षीच 'अ संघ', 'ब संघ' असे शिक्के!

नव्या पालकांनो, सही करण्याआधी तोंडावर विचारा: माझं मूल किती मिनिटं खेळणार? उत्तर टाळलं तर सरळ उठून घरी या.